जुळ्यांची फितूर साक्ष

"रक्तातच असावं लागतं" हे वाक्य कोल्हापुरात तालमीच्या कट्ट्यावर जितक्या ठामपणे ऐकू येतं, तितक्याच ठामपणे गर्भसंस्कार वर्गाच्या फलकावर त्याच्या बरोबर उलटं वाचायला मिळतं: बाळ कसं घडवायचं ते आईच्या हातात आहे. एका पक्षाला पैलवानाच्या घरी पैलवान जन्मलेला दिसतो, दुसऱ्याला संस्कारांनी पालटलेला वंश. हा वाद जुना आहे आणि तो तसाच राहिला असता तर त्यावर लिहायची गरज नव्हती. पण अलीकडे दोन्ही पक्षांनी एकच साक्षीदार बोलावलाय. 'एपिजेनेटिक्स' (जनुकांवरच्या रासायनिक खुणांचं शास्त्र) हा शब्द माहितीपत्रकांवर आला आणि त्याच्यामागून एकसारखी जुळी भावंडं आली. एक म्हणतो, बघा, जुळी इतकी सारखी, म्हणजे सगळं जनुकांत आहे. दुसरा म्हणतो, बघा, जुळ्यांच्या जनुकांवरच्या खुणा वेगळ्या निघाल्या, म्हणजे विचारांनी, आहारानं, मंत्रांनी जनुकं बदलतात. या साक्षीदाराची उलटतपासणी मात्र कुणीच घेतलेली दिसत नाही.

ती घेतली तर साक्षीदार दोघांनाही फितूर होतो, असं माझं म्हणणं आहे. एकबीज, म्हणजे एकाच फलित अंड्यातून झालेल्या, जुळ्यांमधले एपिजेनेटिक फरक खरे आहेत, मोजता येतात, काही वेळा जन्मभराचे असतात. पण त्यांतला फार मोठा वाटा ना रक्ताचा आहे ना संस्काराचा. तो गर्भधारणेनंतरच्या पहिल्या काही दिवसांतल्या योगायोगाचा आहे. आणि योगायोगावरून ना कुणाच्या खानदानाला श्रेय देता येतं, ना कुणाच्या आईला दोष.

आधी खुणा म्हणजे काय ते थोडक्यात. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसिन या अक्षरावर, त्याच्या पुढचं अक्षर ग्वानिन असेल तिथे, मिथिल नावाचा छोटा रासायनिक गट चिकटू शकतो. माणसाच्या जनुकसंचात अशा सुमारे २ कोटी ८० लाख जागा आहेत. अक्षर बदलत नाही. ते वाचलं जाईल की झाकलं जाईल यावर परिणाम होतो. यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी यांत अक्षरं तीच असूनही कामं निराळी असतात, ती अशाच खुणांच्या जोरावर. कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये 'एपिजेनेटिक्स' हा शब्द वापरला तो याच कोड्यासाठी: एका पेशीपासून इतक्या तऱ्हेच्या पेशी होतात कशा? मंत्र-स्तोत्रांशी या शब्दाचा तेव्हा संबंध नव्हता आणि आजही नाही.

आता दुसऱ्या पक्षाचे जे मुद्दे खरोखर भक्कम आहेत ते मान्य करू. २००५ साली माद्रिदच्या मॅनेल एस्टेलर यांच्या प्रयोगशाळेतून मारिओ फ्रागा आणि सहकाऱ्यांचा लेख आला. स्पेनमधल्या ३ ते ७४ वर्षं वयाच्या ४० एकबीज जोड्यांची तपासणी त्यात होती. ३ वर्षांच्या जोडीतल्या खुणा जवळपास एकावर एक बसत होत्या, ५० वर्षांच्या जोडीत ठळक फरक होता. जी भावंडं आयुष्यातला जास्त काळ वेगळी राहिली त्यांच्यात तो अधिक होता. धूम्रपानाचा पुरावा तर याहून पक्का आहे. सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात 'एएचआरआर' नावाच्या जनुकावरची मिथिल खूण ठळकपणे कमी होते, सोडल्यावर काही वर्षांत ती अंशतः परत चढते, आणि गरोदरपणी सिगारेट ओढणाऱ्या आईच्या नवजात बाळातही ही घट दिसते. तिसरा मुद्दा हॉलंडचा. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे तिथे दुष्काळ पडला. त्या काळात गर्भात असलेल्यांना साठीच्या आसपास तपासलं तेव्हा, गर्भधारणेच्या सुमारास उपासमार झालेल्यांमध्ये 'आयजीएफ-२' या वाढीशी निगडित जनुकावरच्या खुणा त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षा कमी निघाल्या. म्हणजे परिस्थिती खुणा उमटवते आणि त्या साठ वर्षं टिकू शकतात. हे नाकारणारा माणूस वाद जिंकत नाही, फक्त वाचन टाळतो.

पण याच मुद्द्यांकडे जरा जवळून बघा. फ्रागांच्या अभ्यासात ३ वर्षांची मुलं आणि ५० वर्षांची माणसं निराळी होती. तीच जोडी सत्तेचाळीस वर्षं कुणी पाहिली नव्हती. वयानुसार फरक वाढतो, इतकंच त्यावरून सुचतं. तो जीवनशैलीमुळे वाढला की नक्कल करताना साचत गेलेल्या चुकांमुळे, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. पेशी विभागली की नव्या धाग्यावर जुन्या खुणांची नक्कल होते आणि ही नक्कल डीएनएच्या अक्षरांच्या नकलेपेक्षा कितीतरी ढिसाळ असते. कार्बन कॉपीची कार्बन कॉपी, तिची पुन्हा कार्बन कॉपी. दोन नक्कलनवीस एकाच मजकुरावरून सुरुवात करून पन्नास वर्षं नकला काढत राहिले तर त्यांच्या चुका एकाच जागी कशाला होतील? हॉलंडच्या आकड्याचंही तेच. तो फरक शंभरात सुमारे तीनचा होता. आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ज्यांच्या आया उपाशी राहिल्या त्यांची जन्मवजनं घटली, पण या जनुकावरची खूण बदलली नाही. हा तपशील माहितीपत्रकात कधी येत नाही. तो का महत्त्वाचा आहे ते पुढे येईलच.

आता उलटतपासणीचा मुख्य प्रश्न. जुळ्यांमधल्या फरकाचं कारण शोधताना जे दोघांनाही सारखंच मिळालं ते कारण असूच शकत नाही. हे साधं तर्कशास्त्र आहे, त्याला प्रयोगशाळा लागत नाही. आईनं ऐकलेलं संगीत, म्हटलेले श्लोक, तिची मनःस्थिती, तिचं ताट हे सगळं दोघांचं सामाईक. तरीही मेलबर्नच्या संशोधकांनी २०१२ मध्ये नवजात जुळ्यांच्या नाळेच्या रक्तातल्या, नाळेच्या शिरेतल्या आणि वारेतल्या (प्लासेंटातल्या) पेशी तपासल्या, तेव्हा एकबीज भावंडांच्या खुणा जन्मतःच वेगळ्या निघाल्या. एकच आई, एकच गर्भाशय, तेच नऊ महिने. मग जुळ्यांचं उदाहरण देऊन 'विचारांनी जनुकं घडतात' असं सांगणाऱ्यानं आपलाच दावा पाडला, हे त्याच्या लक्षात कसं येत नाही? गर्भसंस्काराची गोष्ट निघाली की अभिमन्यू हमखास येतो. माद्रीची जुळी मुलं कुणाला आठवत नाहीत. एकाच उदरातून आलेल्या नकुल-सहदेवांपैकी विराटाच्या घरी एक घोडे सांभाळतो आणि दुसरा गाई. महाभारतकारांना दोघं एका साच्यातले दाखवावेसे वाटले नाहीत.

मग गर्भात न-सामाईक असं असतं काय? सगळ्यात मोठी गोष्ट वार. फलित अंड्याचे दोन भाग पहिल्या तीन दिवसांत झाले तर दोघांना वेगवेगळी वार मिळते; चौथ्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान झाले तर वार एकच आणि गर्भजलाच्या पिशव्या दोन. एकबीज जुळ्यांत साधारण दोनतृतीयांश जोड्या एकाच वारेवर वाढतात, आणि ती वार वाटणीपत्र करून वाटलेली नसते. एकाच्या वाट्याला मोठा तुकडा, दुसऱ्याची नाळ अगदी कडेला चिकटलेली. शिवाय आतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. अशा दहा-पंधरा टक्के गर्भारपणांत एकाचं रक्त दुसऱ्याकडे वाहत राहण्याचा धोकादायक विकार होतो. एक जुळं २ किलो २०० ग्रॅमचं आणि दुसरं १ किलो ७०० चं निघतं ते या वाटणीमुळे. (जाता जाता: 'वारा दोन होत्या म्हणजे मुलं एकबीज नाहीत' हा घरोघरचा समज चुकीचा आहे. एकबीज जोड्यांपैकी एकतृतीयांशांना दोन वारा असतात. खात्री फक्त डीएनए चाचणीनं होते.) गर्भातली जागा, गर्भजलाचा दाब, हातापायांची हालचाल यांचंही तसंच. एकबीज जुळ्यांचे बोटांचे ठसे म्हणून तर वेगळे असतात. आणि तरीही ठशांवरून मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणाऱ्यांकडे आपल्याकडचे पालक रांग लावतात, हा या वादाचा आणखी एक फाटा. तो इथे सोडून देतो.

वारेचा हिशेब मांडूनही बाकी उरते, आणि ती बाकी मोठी आहे. हॅनोव्हरच्या क्लाउस गार्टनर यांनी १९९० मध्ये आपल्या तीस वर्षांच्या कामाचा आढावा लिहिला. जनुकांनी जवळपास एकरूप केलेले उंदीर, खाद्य-तापमान-पिंजरे काटेकोर सारखे. तरी वजनांतली तफावत जाईना. बाहेरच्या परिस्थितीतून येणारा वाटा २० ते ३० टक्के, उरलेला ७० ते ८० टक्के कशात बसेना. त्यांनी त्याला 'तिसरा घटक' म्हटलं आणि त्याचं मूळ फलनाच्या आसपासच्या घडामोडींत शोधलं. माणसात याचं लख्ख उदाहरण मुलींमध्ये मिळतं. मुलीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात आणि गर्भ अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशी त्यांतलं एक कायमचं बंद करते. कुठलं, ते नाणेफेकीसारखं ठरतं. मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलेली ही कल्पना आज पाठ्यपुस्तकात आहे. ड्यूशेन स्नायुक्षयाचा दोष एका एक्सवर असलेल्या एकबीज जुळ्या बहिणींपैकी एक आजारी आणि दुसरी ठणठणीत, अशा जोड्या वैद्यकीय साहित्यात नोंदवलेल्या आहेत. फरक शंभर टक्के एपिजेनेटिक. कारण? नाणं एकीत या बाजूला जास्त वेळा पडलं. बेकविथ-वीडेमान हा जन्मजात अतिवाढीचा विकारही असाच. एकबीज जोडीतल्या एकाच मुलीची जीभ मोठी, बेंबीशी हर्निया, आणि त्याच मुलीत एका विशिष्ट जागेची मिथिल खूण गळालेली. ही चूक अंड्याचे दोन भाग होण्याच्या सुमाराची, म्हणजे पाळी चुकल्याचंही आईला कळलेलं नसतं तेव्हाची. अशा आईला कुणी 'तू वर्गाला का आली नाहीस' असं विचारणार आहे का?

करवीर, शिरोळ, हातकणंगले पट्ट्यातल्या शेतकऱ्याला खरं तर हा विषय नव्यानं शिकवावा लागू नये, कारण तो आयुष्यभर जुळ्यांचीच शेती करतो. को ८६०३२ उसाची दोन डोळ्यांची टिपरी लावली की शेतातलं प्रत्येक बेट हे दुसऱ्याचं जुळं भावंड असतं: बी नाही, संकर नाही, एकाच मूळ रोपाचे तुकडे. तरी एका सरीत शेजारशेजारच्या दोन बेटांपैकी एकाला बारा फुटवे आणि एकाला सात. बांधाअलीकडे आणि पलीकडे टनेजमध्ये दुपटीचा फरक. ही तफावत बघून कुणी 'वाणच वेगळा' असं म्हणत नाही. पाणी, खत, हुमणी, लागणीची तारीख, टिपरीवरचा डोळा कोवळा होता की जून, हे आधी बघतात. आणि तेच बेणं वर्षानुवर्षं वापरलं की उतार पडतो, तेव्हा? 'उसाला जुन्या रानाची आठवण राहिली' अशी एपिजेनेटिक कथा इथे सहज रचता येईल. खरं कारण बहुतेक वेळा रोगाचं असतं: खोडव्याची खुजी वाढ, गवताळ वाढ, मोझॅक हे टिपरीतूनच पुढे जातात. म्हणून तर बेण्याला उष्ण प्रक्रिया करून मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशा तीन पायऱ्यांनी ते वाढवायचं आणि तीन-चार वर्षांनी बदलायचं. साधं कारण तपासल्याशिवाय भारी शब्द वापरायचा नाही, ही शिस्त उसाच्या बाबतीत आपण पाळतो. भारी कारण कधीच खरं नसतं असंही नाही. मलेशियात ऊतिसंवर्धनाने वाढवलेल्या तेल-पामच्या काही रोपांना विकृत फळं येऊन मळे वाया गेले. त्यामागे एका जागेवरची मिथिल खूण गळाल्याचं २०१५ मध्ये सिद्ध झालं. पण ते सिद्ध झालं ते अनेक झाडांचे नमुने वाचून, माहितीपत्रक छापून नव्हे.

मोजणीबद्दलही बोलायला हवं, कारण 'अहवालात आलंय' म्हटलं की आपल्याकडे चर्चा संपते. सुमारे अर्धा मायक्रोग्रॅम डीएनएवर सोडियम बायसल्फाइटची प्रक्रिया करतात; मिथिल नसलेलं सायटोसिन युरॅसिल होतं, मिथिल असलेलं तसंच राहतं, आणि मग साडेआठ लाख जागा वाचणाऱ्या चिपवर नमुना चढतो. रूपांतर अपुरं झालं की नसलेल्या खुणा असल्यासारख्या दिसतात. एका चिपवर आठ नमुने बसतात. जोडीतला एक आज या चिपवर आणि दुसरा पुढच्या आठवड्यात दुसऱ्या चिपवर चढवला की दोन चिपांमधला फरक दोन भावांचा फरक म्हणून छापला जातो. म्हणून जोडी एकाच चिपवर हवी आणि एखादा नमुना मुद्दाम दोनदा चढवायला हवा. रक्त ही एक पेशी नाही, पेशींची भेळ आहे. एकाला सर्दी झालेली असली की त्याच्या रक्तात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात, आणि न्यूट्रोफिलच्या खुणा लिम्फोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशींपेक्षा निराळ्या. खूण एकही बदललेली नसते, मिश्रण बदललेलं असतं. शिवाय साडेआठ लाख जागांवर 'योगायोगानं फसण्याची शक्यता शंभरात पाच' हा नेहमीचा निकष लावला तर काहीही नसताना ४२ हजार ५०० फरक सापडतील. त्यामुळे जाणकार अभ्यासक साधारण कोटीत एक इतका कडक निकष लावतात. एवढं करून हाती आलेला फरक बहुधा शंभरात दोन-चारचा असतो. रक्तावरून 'जैविक वय' सांगणाऱ्या चाचण्याही हल्ली विकल्या जातात. खुणांवरून वय काढणाऱ्या या 'घड्याळां'पैकी सगळ्यात प्रसिद्ध, स्टीव्ह हॉर्वाथ यांचं २०१३ चं, ३५३ जागांवर चालतं आणि त्याची सर्वसाधारण चूक साडेतीन वर्षांच्या वर आहे. तीन महिने काढा पिऊन वय दोन वर्षांनी घटलं, असं सांगणारा अहवाल म्हणजे मिलिमीटरच्या खुणा नसलेल्या पट्टीनं मिलिमीटर मोजणं.

आणि मोजणी नीट झाली तरी बातमी नीट होईलच असं नाही. स्कॉट केली हा अंतराळवीर ३४० दिवस अंतराळात राहिला, त्याचा जुळा भाऊ मार्क जमिनीवर. मार्च २०१८ मध्ये जगभर बातमी फिरली की स्कॉटचा ७ टक्के डीएनए बदलला. माणसात आणि चिंपांझीत जेवढा फरक आहे त्याहून हा जास्त. म्हणजे परत आला तो कोण होता? नासाला खुलासा करावा लागला की दोघं अजून एकबीज जुळीच आहेत. ७ टक्के हा आकडा जनुकांच्या क्रियाशीलतेतल्या, परतल्यावर पूर्ववत न झालेल्या बदलांचा होता. पुढच्या वर्षी पूर्ण अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा मिथिल खुणांतली उलथापालथ जमिनीवरच्या मार्कमध्येही तितपतच दिसली. घरी बसलेल्याच्या खुणाही हलतच असतात. हे दुसरं वाक्य किती वर्तमानपत्रांनी छापलं?

एवढं वाचून 'रक्तातच असतं'वाले खूश झाले असतील, तर त्यांच्याकडे वळतो. एकबीज जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास भरते. सर्वसाधारण लोकसंख्येतल्या शंभरात एकाच्या तुलनेत हे प्रचंड आहे, आणि जनुकं महत्त्वाची नाहीत म्हणणाऱ्याला ते गप्प करतं. पण रक्तच सगळं ठरवत असतं तर निम्मी भावंडं सुटली कशी? दुसरं, जुळ्यांचं सारखेपण हेही निव्वळ अक्षरांचं नसतं. दोघं एकाच पेशीतून निघालेले असल्यामुळे दुभंगण्याआधी उमटलेल्या काही खुणा दोघं बरोबर घेऊन येतात. २०२१ मध्ये अॅमस्टरडॅमच्या संशोधकांना एकबीज जुळ्यांमध्ये ८३४ जागांवर अशी समान ठेवण सापडली, जी प्रौढ वयापर्यंत टिकते. म्हणजे जुळ्यांच्या सारखेपणावरून आनुवंशिकतेचा टक्का काढताना जनुकांच्या खात्यावर जे जमा होतं, त्यातलं काही दुसऱ्याच खात्यातलं असू शकतं. त्याच वर्षी आइसलँडच्या जोड्यांवरून हेही दिसलं की एकबीज भावंडांत विकासाच्या आरंभीच सरासरी पाचएक उत्परिवर्तनं वेगळी पडतात. अक्षरंसुद्धा तंतोतंत एक नसतात.

इतिहासात दोन्ही टोकांनी आपापली किंमत वसूल केली आहे. इंग्लंडमध्ये मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट यांनी वेगळ्या वाढलेल्या जुळ्यांच्या बुद्ध्यांकावर लेख लिहिले. जोड्या २१ वरून ५३ वर गेल्या, तरी दोघांचे बुद्ध्यांक किती जुळतात ते सांगणारा सहसंबंधाचा आकडा तिसऱ्या दशांशापर्यंत ०.७७१ च राहिला. नवी माणसं आली आणि आकडा हलला नाही, हे १९७० च्या दशकात लिऑन कॅमिन यांनी दाखवेपर्यंत कुणाला खटकलं नाही. दुसऱ्या टोकाला सोव्हिएत संघात ट्रोफिम लिसेंको: गव्हाला थंडी दाखवली की त्याचा वंश पालटतो. त्याला विरोध करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह १९४३ मध्ये तुरुंगात उपासमारीनं गेले. बर्ट यांचा आकडा ज्यांना हवा होता त्यांना तो मिळाला, लिसेंकोचंही तसंच. आज 'एपिजेनेटिक्सने सिद्ध केलंय' म्हणणाऱ्यांपैकी कुणी तुरुंग बांधत नाही, हे खरं. ते शुल्क घेतात, आणि मूल कमजोर निघालं तर दोष आईच्या मनःस्थितीवर टाकायची वाट मोकळी ठेवतात. सासरच्या घरात त्या वाटेनं काय काय येऊ शकतं, ते वेगळं सांगायला नको.

सगळ्यात मोठा विरोधाभास वेळेचा आहे. एपिजेनेटिक्स गंभीरपणे घ्यायचंच असेल तर हॉलंडचा पुरावा सांगतो की नाजूक काळ गर्भधारणेच्या आसपासचा. मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतात ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. वर्गात नाव नोंदवलं जातं चौथ्या-पाचव्या महिन्यात. तोवर बस रंकाळा स्टँडवरून सुटून गेलेली असते. म्हणून फोलिक अॅसिड गर्भ राहण्याआधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यायचं. म्हणून सरकारी कार्यक्रमात शाळकरी मुलींना आठवड्याला ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिडची निळी गोळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चालवलेला अभ्यास यापेक्षाही पुढचं सांगतो. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची, तरी आपली बाळं हडकुळी असून चरबीला कमी नव्हती. निम्म्याहून अधिक आयांमध्ये ब-१२ कमी होतं, आणि ज्यांच्यात ब-१२ कमी पण फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक. म्हणजे नुसत्या फोलिकच्या गोळ्या वाटून भागत नाही. दूध-दही-अंडं किंवा ब-१२ ची गोळी बरोबर हवी. हा परिणाम मिथिल खुणांतून होतो का? शक्यता बरीच आहे, कारण मिथिल गट पुरवणाऱ्या साखळीतच ब-१२ आणि फोलेट दोन्ही बसतात. पण शाळेतल्या मुलीला अंडं द्यायला त्या उत्तराची वाट बघायची गरज काय?

शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला ५० टक्के जागा राखून ठेवल्याचा हुकूम काढला तेव्हा ते इंग्लंडमध्ये होते. त्याच देशात फ्रान्सिस गाल्टन, ज्यांनी १८७५ मध्ये जुळ्यांवरचा पहिला गाजलेला निबंध लिहिला, थोर घराण्यांची पैदास वाढवण्याचे बेत मांडत होते. बुद्धी रक्तात किती आणि वळणात किती याचा निकाल तेव्हा लागलेला नव्हता. मेंडेलचे नियम पुन्हा सापडून जेमतेम दोन वर्षं झाली होती. कोल्हापूर संस्थानानं तो निकाल लागेपर्यंत वसतिगृहं बांधायची थांबवली नाहीत, आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करतानाही कुणाच्या खुणा तपासल्या नाहीत.